मोहन्याची लाली

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावरच्या सर्व बाई आणि सर, १९९६च्या दहावीचे माझे वर्गमित्र-मैत्रिणी, आणि मागच्या रांगेत बसलेले आमचे आबा,



संयोजकांनी मला 'परदेशातलं करिअर' असा विषय दिला होता. मी लगेच हो म्हटलं. नंतर बोलण्याची टिपणं काढायला बसले तेव्हा लक्षात आलं, की सॉफ्टवेअर कंपनीत मी दिवसभर काय करते हे सांगायला लागले तर जेवणाआधीच निम्मा वर्ग डुलक्या घेईल. उरलेला निम्मा पूर्वीसारखा खिडकीबाहेर बघत बसेल. म्हणून संयोजकांची माफी मागून विषय बदलते. मी आज कुत्र्यांबद्दल बोलणार आहे. हसू नका. विषय आपल्या शाळेतलाच आहे.

आठवीत आपल्याला 'माझा आवडता प्राणी' हा निबंध होता, आठवतंय? वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी एकच पहिलं वाक्य लिहिलं होतं, 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे.' मार्गदर्शकातलं वाक्य होतं ते. मीसुद्धा तेच लिहिलं होतं, फक्त पुढे आमच्या मोतीचं नाव घातलं होतं. बाईंनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "कुत्रा इमानी असतो हे सगळ्यांनी लिहिलंत. माणूस कुत्र्याशी इमानी असतो का, हे एकानंही लिहिलं नाही." बाई आज इथे बसल्या आहेत. बाई, तुम्हाला कदाचित हे आठवत नसेल. मला मात्र ते वाक्य पुढे फार छळलं.

मोती ज्यांना आठवतो त्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. पिवळसर अंग, एक कान कायम दुमडलेला. आमच्या क्वार्टरच्या पायरीवर बसायचा. कंपनीचा भोंगा झाला की उठून उभा राहायचा, कारण आबांची पाळी सुटायची वेळ त्याला माहीत होती. आम्ही त्याला पाळला होता असं म्हणणं तितकंसं खरं नाही. त्याला पट्टा नव्हता, कागद नव्हता, आणि लसही एकदाच कधीतरी टोचली होती. आईने टाकलेली दूध-पोळी तो खायचा आणि रात्री दारात झोपायचा. त्या काळी कुत्रं पाळणं म्हणजे एवढंच असायचं. कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं, ही भीती मात्र घराघरात होती. आपल्या वर्गातल्या एकाने ती घेतलीही होती, आणि मग महिनाभर तो वर्गाचा हिरो होता. ती जुनी लस आपल्याकडे २००४च्या अखेरीस बंद झाली. आता दंडावर मोजकी इंजेक्शनं घेऊन भागतं.

१९९७ साली आबा निवृत्त झाले आणि आम्ही क्वार्टर सोडलं. शहाडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. सोसायटीत कुत्रं चालणार नाही असं आधीच सांगितलं होतं. आबांनी फारशी हुज्जत घातली नाही. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा आबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मी मागे गाद्यांच्या वळकटीवर. मोती टेम्पोमागे पळत आला. बाजारपेठ संपेपर्यंत पळाला, मग दमून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. आबांनी मान मागे वळवली नाही.

यातलं मला सगळ्यात जास्त टोचणारं पुढचं आहे. शहाड ते मोहने अंतर केवढं? रिक्षाने पंधरा मिनिटं. मी कल्याणला अकरावी-बारावी केली, पुढे इंजिनिअरिंग केलं, २००२ साली बी.ई. झाले. या पाच वर्षांत मी एकदाही मोतीला बघायला आले नाही. वेळ नव्हता असं नाही. तो दारात बसलेला दिसला तर काय करायचं, हे माहीत नव्हतं म्हणून आले नाही. शहाडच्या घरात मोतीचं नाव आम्ही तिघांपैकी कुणीही काढत नव्हतो. आबांना हल्ली ऐकू कमी येतं, म्हणूनच हे सगळं मी धीराने बोलते आहे.

आता लालीकडे येते.

२००९ साली कंपनी बंद झाली. हळूहळू कॉलनीतली माणसं निघून गेली आणि कुत्री तिथेच राहिली. २०१६च्या पावसाळ्यात मी आई-आबांकडे आले होते. परत जाताना मोहन्यात एका मैत्रिणीकडे डोकावले, तर कॉलनीच्या बाजूच्या भिंतीला लागून एक तांबडं पिल्लू भिजत बसलेलं. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती रिक्षातून उतरली ती पिल्लू घेऊनच परत चढली. तिचं नाव लाली. कल्याणच्या आमच्या घरी ती वाढली. जात विचाराल तर शुद्ध गावठी.

पुढच्या वर्षी, २०१७च्या सप्टेंबरमध्ये, मला बर्लिनच्या नोकरीचं पत्र आलं. १ जानेवारी २०१८ला रुजू व्हायचं होतं. घरात पेढे आले. मुलीने पेढा हातात धरून पहिला प्रश्न विचारला, "लालीचं काय?" मी तिला "बघू" म्हणणार होते. पण 'बघू' म्हणजे काय असतं ते मला चांगलं माहीत होतं. टेम्पो माझ्याच डोक्यात होता. मी म्हटलं, "लाली येणार."

म्हटलं खरं, पण कुत्र्याला युरोपात न्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं याचा मला पत्ता नव्हता. तुमच्यापैकी अनेकांची मुलं आता बाहेर जात आहेत, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी कुत्र्याच्या मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप बसवतात. तिच्यात पंधरा आकडी नंबर असतो. यंत्र जवळ नेलं की तो नंबर वाचता येतो. चिप बसवल्यानंतर रेबीजची लस. लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त काढायचं आणि युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं एका मिलिलीटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त भरली पाहिजेत. एवढं करून लगेच निघता येत नाही. रक्त काढल्याच्या दिवसापासून ३ महिने थांबायचं, मगच प्रवेश.

हे तीन महिने कशासाठी, असा मला राग आला होता. मग कारण समजलं. कुत्र्याला लसीच्या आधीच रेबीजची लागण झालेली असली, तर रोग बाहेर पडायला वेळ लागतो. तीन महिन्यांत तो बहुधा दिसून येतो. जर्मनी २००८पासून जमिनीवरच्या प्राण्यांमधल्या रेबीजपासून मुक्त आहे. आपल्याकडे अजून त्याने माणसं मरतात. ज्याच्या घरात आग लागलेली नाही तो दार उघडताना चार वेळा वास घेणारच.

आमची पहिली चूक इथेच झाली. लालीची लस वेळेवर झालेली होती, पुस्तिकेत शिक्का होता, मी निर्धास्त होते. पण ती लस चिप बसवण्याआधीची होती. चिपच्या आधीची लस या कामाला धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला दिली याचा पुरावा नसतो. मी व्यवसायाने इंजिनिअर. आधी काय, नंतर काय, याच्याच माझ्या कामात दिवसभर चर्चा चालतात, आणि घरच्या कुत्र्याच्या बाबतीत मी क्रम चुकवला! ऑक्टोबरच्या सुरुवातीला चिप आणि पुन्हा लस, नोव्हेंबरच्या मध्याला रक्त. हिशेब केला तर लालीला फेब्रुवारीच्या मध्याआधी नेताच येणार नव्हतं. आणि मला १ जानेवारीला हजर व्हायचं होतं.

आम्ही तिघं आधी जाणार हे ठरलं. लालीला दोन-अडीच महिने ठेवायचं कुठे? पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या दोन जागा बघून आले. तिथले पिंजरे बघून काही बोलवेना. घरी येऊन जेवायला बसले, तर आबा म्हणाले, "शहाडला आण."

मी म्हटलं, "सोसायटी?"

"सोसायटीशी मी बोलतो."

ते खरंच बोलले. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या सूचना आहेत, की सोसायटीला कुत्रं पाळायला सरसकट बंदी घालता येत नाही. त्याची प्रत मी काढून दिली होती. आबांनी ती घडी घालून खिशात ठेवली, सेक्रेटरीकडे गेले, आणि कागद बाहेर न काढताच परवानगी घेऊन आले. कसं विचारलं, तर म्हणाले, "सांगितलं त्यांना, एकदा ऐकलं होतं तुमचं. आता नाही." वीस वर्षांत मोतीविषयी त्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं वाक्य. त्यातही मोतीचं नाव नव्हतंच.

आबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊला ते लालीला खाली नेत. त्यांनी एक वही केली. पहिल्या पानावर लालीचा पंधरा आकडी नंबर, खाली रोजची नोंद, किती खाल्लं, किती वाजता फिरवलं, पोट ठीक आहे का. कंपनीत तीस वर्षं लॉगबुक भरलेला माणूस तो. विमानाचा पिंजरा मी आधीच आणून ठेवला होता. त्यात कुत्र्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे असा नियम असतो. आबा रोज लालीचं ताट त्या पिंजऱ्यात ठेवत. पंधरा दिवसांत ती दुपारी आपणहून आत जाऊन झोपू लागली. आई फोनवर सांगायची, "हिच्यासाठी खोली, आणि मी स्वयंपाकघरात."

इकडे बर्लिनमध्ये आमचे दोन महिने फार एकटे गेले. इमारतीत वीस-एक बिऱ्हाडं, पण जिन्यात भेटलं की मान हलवायची आणि पुढे जायचं. जानेवारीत चार-साडेचारला अंधार. मुलीला भाषा येत नव्हती. ती शाळेतून येऊन लालीचे व्हिडिओ बघत बसायची.

मार्चमध्ये मी लालीला न्यायला आले. मीच येणं भाग होतं, कारण कुत्रं मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आगेमागे आलं पाहिजे असा नियम आहे. तसं नसेल तर सगळे नियम बदलतात. मुंबईच्या पशु संगरोध कार्यालयात कागद तपासले, लालीला तपासलं, प्रमाणपत्र मिळालं. त्यावर शिक्का पडल्यापासून दहा दिवसांच्या आत युरोपात पोचायचं. लाली सतरा किलोची, त्यामुळे माझ्यापाशी बसून येणं शक्य नव्हतं. तिची जागा विमानाच्या पोटात, हवा आणि तापमान राखलेल्या कप्प्यात. तिचं भाडं माझ्या तिकिटापेक्षा जास्त होतं. झोपेचं औषध देऊ का, असं मी डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी साफ नाही म्हटलं. उंचीवर त्याचा श्वासावर परिणाम होऊ शकतो.

विमानतळावर आबा आले होते. पिंजऱ्याच्या जाळीतून त्यांनी दोन बोटं आत घातली, लालीने ती चाटली. मग ते मला म्हणाले, "नंबर पाठ आहे ना?" मी म्हटलं, "कागदावर आहे." ते म्हणाले, "पाठ कर."

फ्रँकफर्टला उतरल्यावर लालीचा नंबर यंत्राने वाचला, कागदांशी ताडून पाहिला आणि आम्हाला सोडलं. तिथून बर्लिनपर्यंत रेल्वे. पिशवीत न मावणाऱ्या कुत्र्याला तिथे अर्धं तिकीट पडतं, गळ्यात पट्टा आणि तोंडाला मुसकं. मुसकं हा शब्द आबांचा, आपल्याकडे मळणीच्या बैलाला घालतात ते. लालीच्या नावाचं हाफ तिकीट हातात धरून मी चार तास हसत होते. आपल्या कसारा लोकलला सकाळी माणसाला उभं राहायला जागा नसते. आणि ही आमची मोहन्याची पोर, पाय पसरून, तिकीट काढून, ताशी अडीचशेच्या वेगाने चालली होती!

बर्लिनला गेल्यावर लालीचा कर भरला. तिथे कुत्र्यावर नगरपालिकेचा कर असतो, बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो. तिने कुणाला चावून नुकसान केलं तर भरपाई देणारा विमाही सक्तीचा. घरमालकाची परवानगी मी आधीच काढली होती. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३मध्ये निकाल दिला आहे, की भाडेकरारात कुत्र्या-मांजरांना सरसकट बंदी घालणारं कलम चालणार नाही. प्रत्येक वेळी दोन्ही बाजू बघून ठरवावं लागतं. ते वाचताना शहाडची सोसायटी आठवली. कल्याण काय आणि बर्लिन काय, घर आणि कुत्रं यांचं भांडण सगळीकडे आहे.

लाली पहिले पंधरा दिवस घाबरलेली होती. आपोआप उघडणारी दारं, ट्राम, लिफ्ट, सगळ्याला बिचकायची. पण तिला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल, तर ती शांतता. रात्री एक कुत्रं भुंकत नाही. रस्त्यावर बेवारस कुत्रं तिथे दिसतच नाही. ती खिडकीशी बसून कान टवकारायची, कुणीतरी उत्तर देईल म्हणून एकदा भुंकायची, आणि वाट बघायची.

मात्र तिच्यामुळे आमचं जाणं-येणं सुरू झालं. ज्या शेजारणीने दोन महिने नुसती मान हलवली होती, ती लालीला बघून खाली वाकली आणि मला पहिल्यांदा नाव विचारलं. आधी लालीचं, मग माझं. रोज सकाळी त्याच वेळी त्याच बागेत जायचं म्हटलं की ओळखी होतातच. माझं जर्मन मी वर्गात कमी आणि बागेत जास्त शिकले. महिन्याच्या पासावर तिथे एक कुत्रं फुकट नेता येतं, त्यामुळे रविवारी आम्ही शहराच्या टोकाला ग्रूनेवाल्डच्या जंगलात जायला लागलो. तिथे कुत्र्यांना मोकळं सोडायची वेगळी जागा आहे, तळंही आहे. लालीला आम्ही 'बस', 'थांब', 'ये' मराठीतच म्हणतो. आता बागेतले दोन-तीन म्हातारे जर्मनही तिला "लाली, ये!" म्हणतात. आपल्या भाषेचा जर्मनीत एवढा तरी प्रसार मी केला आहे, याची मराठीच्या सरांनी नोंद घ्यावी.

आता जे सांगायला मी उभी राहिले ते सांगते.

२०१८च्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला मी लालीला घेऊन फक्त कचरा टाकायला खाली उतरले. फोन घरातच होता. कोपऱ्यावर कचऱ्याच्या गाडीने मोठा आवाज केला, लाली दचकली, मागे सरकली आणि पट्ट्यातून निसटली. मी हाका मारत मागे धावले. ती रस्ता ओलांडून गेली, आणि दिसेनाशी झाली. तीन तास मी फिरत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला मोडक्या जर्मनमध्ये विचारत होते. शेवटी सात वाजायच्या आत रडत घरी आले. मुलीला काय सांगायचं हेच डोक्यात होतं. फोन बघितला, तर शहाडहून चौदा मिस्ड कॉल. मला वाटलं आईला काहीतरी झालं.

फोन लावला. आबांनी लगेच उचलला. "लाली डॉक्टरकडे आहे. पत्ता लिहून घे. सातला बंद करतात, पळ."

झालं होतं असं, की बागेच्या छोट्या छोट्या प्लॉटांपैकी एका प्लॉटवर लाली एका आजोबांना सापडली. ते तिला जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी चिप वाचली. जर्मनीत टास्सो नावाची संस्था आहे, ती हरवलेल्या प्राण्यांसाठी चिपच्या नंबरांची फुकट नोंद ठेवते. आल्या आठवड्यातच मी लालीचं नाव तिथे घातलं होतं, आणि दुसरा फोन नंबर म्हणून, ओळखीचं कुणीच नसल्यामुळे, आबांचा दिला होता. माझा फोन घरात वाजत राहिला. म्हणून त्यांनी शहाडला फोन केला. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजले होते.

आबांचं इंग्रजी कंपनीच्या लॉगबुकापुरतं. पलीकडची बाई काय बोलते ते त्यांना नीट कळेना. मग तिने सावकाश नंबर वाचायला सुरुवात केली. आई सांगते, सहाव्या आकड्याला आबा उठून उभे राहिले आणि पुढचे नऊ आकडे त्यांनीच तिला म्हणून दाखवले. मग म्हणाले, "येस, येस. अवर डॉग." आणि डॉक्टरचा पत्ता एकेक अक्षर विचारून देवनागरीत उतरवून घेतला. तो मला वाचून दाखवताना 'श्ट्रासे'वर दोनदा अडखळले.

मी पोचले तेव्हा ते आजोबा लालीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. रात्री मी आबांना पुन्हा फोन केला. त्यांचा एक वाजून गेला होता, पण जागे होते. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "मोतीला नंबर नव्हता."

एवढंच. एकवीस वर्षांनी आमच्या घरात त्याचं नाव निघालं.

माझी गोष्ट इथेच संपली असती. पण गेल्या वर्षी या मेळाव्यासाठी आपला व्हॉट्सॲप ग्रुप झाला, जुने फोटो यायला लागले. सहलीचे, स्नेहसंमेलनाचे. एक दिवस गाळेगावच्या आपल्या वर्गमित्राने, शेवटच्या बाकावर बसायचा तो, २००१ सालचा त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'कोपऱ्यात कोण, ओळखा पाहू.' सगळ्यांनी काका, मामा ओळखले. कोपऱ्यात, मांडवाच्या खांबाला टेकून, दुमडलेल्या कानाचं एक म्हातारं कुत्रं बसलं होतं.

मी त्याला बर्लिनहून फोन केला. त्याच्या घरच्या म्हशी होत्या, कॉलनीत त्यांचा दुधाचा रतीब होता, हे तुम्हाला आठवत असेल. मोती आमच्या बंद दारात आठ-दहा दिवस बसून होता म्हणे. हा सकाळी सायकलवरून किटल्या घेऊन यायचा, त्याला थोडं दूध घालायचा. मग एका सकाळी मोती सायकलच्या मागे निघाला तो गाळेगावला पोचला आणि तिथेच राहिला. २००२च्या पावसाळ्यात गेला. गोठ्यामागे त्याला पुरलं.

मी फोनवर रडायला लागले, माफी मागायला लागले. तर हा म्हणतो, "अगं, रडतेस काय? तो तुझ्यावर रागावला-बिगावला नव्हता. रोज शेर-अर्धा शेर दूध प्यायचा. मजेत होता."

तो इथेच बसला आहे. मान खाली घालून बसलाय, पण कान इकडेच आहेत. मित्रा, सत्तावीस वर्षं उशिरा, सगळ्यांसमोर, आमच्या घराच्या वतीने तुझे आभार.

आता दोन कामाच्या गोष्टी सांगते आणि थांबते. ज्यांची मुलं कुत्र्या-मांजराला घेऊन बाहेर जाणार असतील, त्यांनी सात-आठ महिने आधी सुरुवात करा. आधी चिप, मग लस, मग रक्त, हा क्रम विसरू नका. देशागणिक नियम वेगळे आहेत. ब्रिटनला जायचं तर पोहोचण्याआधी १ ते ५ दिवसांच्या आत जंताचं औषध डॉक्टरांकडून द्यावं लागतं. अमेरिकेने ऑगस्ट २०२४पासून नियम कडक केले आहेत. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट नेताच येत नाही. तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारचा नियम स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर विसंबू नका.

आणि नेता येणारच नसेल, तर तसं म्हणा. त्यात लाज नाही. सगळ्यांना नेणं जमत नाही, परवडत नाही. पण घर सोडायच्या दोन महिने आधी त्याच्यासाठी दुसरं घर शोधा, त्या माणसाशी त्याची ओळख होऊ द्या. टेम्पो दारात उभा राहिल्यावर ते काम होत नाही. आणि दर वेळी रतिबाची सायकल येईलच असं नाही.

लाली आता आठ-नऊ वर्षांची झाली आहे. तोंडाभोवती पांढरी झाली. मी इथे आहे तोवर ती मुलीजवळ आहे. तिचा नंबर मला आता पाठ आहे, आबांनी परवाच म्हणून घेतला.

जेवण झाल्यावर मी आणि आबा गाळेगावला जाणार आहोत. गोठा आता नाही, तिथे इमारत झाली आहे, पण जागा तो दाखवणार आहे. ज्यांना मोती आठवतो त्यांनी बरोबर यावं.

आणि बाई, आठवीतला तो निबंध मी आज पुरा केला. दहापैकी किती, ते जेवताना सांगा.